सालींचा डबा

माय,

आज दिवसभर प्रयोगशाळेत डाळिंबाच्या सालींची भुकटी तपासत होते. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस, लेकीला एवढं शिकवलं आणि ही बदनापूरला जाऊन सालं कुटते! पण आम्ही ज्याला पॉलिफेनॉल म्हणतो ते तुरट, गुणकारी द्रव्य दाण्यांपेक्षा सालीतच जास्त असतं, आणि तू तर साल कधी फेकलीच नाहीस. टेंभुर्णीच्या घरी पत्र्यावर वाळवून डब्यात भरायचीस. पोट बिघडलं की त्या सालींचा काढा. त्या तुरट काढ्याच्या धाकानं आम्ही भावंडं डब्याच्या वाटेला जात नव्हतो, आणि म्हणूनच तू तुझ्या शुगरच्या गोळ्या त्यात लपवल्या होत्यास. एकदा मी तुला पकडलं. तू माझं मनगट धरून म्हणालीस, "कोणाला सांगशील तर माझी शपथ हाय. लोक म्हणतेन, हिला रोजचं औषध लागलं." गावात मात्र कारल्यानंच तुझी शुगर आटोक्यात राहते असा बोलबाला. बायका विचारायला यायच्या आणि तू गालातल्या गालात हसायचीस. मीठ लावून, घट्ट पिळून केलेली ती भाजी! त्या कडू पाण्याबरोबर कारल्याचे थोडे गुणही मोरीत जायचे, हे मला फार उशिरा कळलं.

आता दादाला शुगर निघालीय. गोळ्या बाजूला ठेवून तो रोज सकाळी कारल्याचा रस प्यायला लागला. वहिनीनं घाबरून फोन केला, त्याच्या पायाला मुंग्या येतात, नजर अंधुक होते. मी धावत टेंभुर्णीला गेले. कारल्यात साखर उतरवणारे घटक आहेत, पण त्यांच्या भरवशावर गोळी सोडता येत नाही, असं परोपरीनं सांगितलं. तो ढिम्म. "तू मला नको शिकवू. माय कारल्यावरच राह्यली ना इतके वर्षं? बिलकुल गोळी न्हाई खाल्ली तिनं."

मला रडूच आलं. मी उठले, फळीवरून तुझा डबा काढला, वहिनी अजून त्यात सालं भरते, आणि त्याच्यापुढे ठेवला. "तिच्या गोळ्या ह्याच्यात असायच्या, दादा. रोज घ्यायची."

त्यानं झाकण उघडून सालींत हात घातला. "मंग मायनं मला काऊन न्हाई सांगितलं?"

"काढ्याच्या भीतीनं पळत होते ना तुम्ही," वहिनी म्हणाली, "हात लावला असता तर दिसल्या असत्या!" तिघंही हसलो. दादाचे डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडे गेला. रस बंद झाला, भाजी चालू आहे, न पिळता. गोळ्या चहापत्तीच्या डब्याशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा. मुंग्याही कमी झाल्यात म्हणतो. रोज सकाळी त्याचा फोन येतो, "घेतली गं, मायची शपथ!"

हे तुला पाठवायचं नाहीच, म्हणून सांगून टाकते. मी तुझी शपथ मोडली, माय, आणि मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.