घड्याळजींच्या डोळ्यावरचा स्क्रीन

प्रति,
मा. पार्सल तपासणी अधिकारी,
पार्सल तपासणी कार्यालय

विषय : डोळ्यावर लावायच्या छोट्या स्क्रीनचे अडवलेले पार्सल नष्ट न करता सोडण्याबाबत.
संदर्भ : आपली तीन पत्रे, शेवटचे दि. ४ मार्च २०२४.

महोदय,

१. सन २०१९ मध्ये माझे पती माणसांचे चेहरे विसरू लागले. ते घड्याळे दुरुस्त करत. गिऱ्हाइकाचे घड्याळ ओळखत, गिऱ्हाईक ओळखेनात. आमची सून मोबाइल दुरुस्त करते. तिने सुट्या भागांतून कमरेच्या पट्ट्यावर बसेल असा संगणक घरीच तयार केला. त्याचा कॅमेरा समोरचा चेहरा पाहतो आणि डोळ्यापुढच्या स्क्रीनवर ओळख उमटते. माझी ओळख तिने अशी लिहिली : "ही तुमची बायको. रागावलेली नाही, चेहराच तसा आहे."

२. स्क्रीन परवडणारा हवा होता. आधी खेळण्यातले विमान उडवताना लावतात तो चष्मा आणला. त्याने दोन्ही डोळे झाकले आणि हे कपाटावर आदळले. मग नेहमीच्या चष्म्याच्या काचेला चिकटवायचा स्क्रीन आणला. उजेडात त्यावर काही दिसेना. शेवटी सुनेने भंगारातल्या व्हिडिओ कॅमेऱ्याचा, एका डोळ्याने पाहायचा चिमुकला स्क्रीन काढला. जन्मभर उजव्या डोळ्याला भिंग लावून डावा उघडा ठेवलेला हा माणूस. तो स्क्रीन लावताच हे म्हणाले, "हे माझं आहे." सर्वांत स्वस्तही तोच होता. १९७४ मध्ये मी बंद घड्याळ घेऊन त्यांच्या दुकानात गेले, तेव्हा भिंग न काढताच ते माझ्याकडे पाहत राहिले होते.

३. जानेवारीत तो स्क्रीन जळाला. तसा आता कोणी बनवत नाही. परदेशातल्या एका जुन्या सामानवाल्याकडे शेवटचा मिळाला, तो "छुप्या चित्रीकरणाचे साहित्य" म्हणून आपण अडवलात. त्याने चित्र घेता येत नाही, फक्त पाहता येते. आपण संगणकाच्या उत्पादकाचा दाखला मागितलात, तो सुनेने दिला. "सून ही नोंदणीकृत उत्पादक नाही," असे उत्तर आले.

४. मग वापरणाऱ्याने स्वतः येऊन जामीनदाराला ओळखावे, असे कळवलेत. जामीनदार मी. २६ फेब्रुवारीला आम्ही आलो. खिडकीवरच्या लिपिकाने विचारले, या कोण? हे मला स्वतःची खुर्ची देत म्हणाले, "या बाईंना मी ओळखत नाही, पण त्या केव्हाच्या उभ्या आहेत." लिपिकाने शेरा मारला : नाते सिद्ध होत नाही. महोदय, ओळखता येत नाही म्हणून जी वस्तू हवी, ती ओळखल्याशिवाय मिळणार नाही. हा नियम मला सुनेला समजावून सांगता आला नाही.

५. १८ मार्चला पार्सल नष्ट होणार आहे. ते लिपिक बदलून गेले म्हणे. सून दुकान बंद ठेवून भंगारवाले पालथे घालते आहे. हे रोज सकाळी जुने भिंग डोळ्याला लावून माझ्याकडे पाहतात आणि अक्षरे उमटण्याची वाट बघतात. म्हणून मी गळ्यात चिठ्ठी अडकवते : "मी तुमची बायको." ती वाचून म्हणतात, "अक्षर ओळखीचं आहे." आता तेवढेच उरले आहे. तेही जाण्याआधी पार्सल सोडावे, ही हात जोडून विनंती.

आपली नम्र,
(सही)
घड्याळजींची पत्नी
दि. ११ मार्च २०२४

सोबत :
१. लग्नाचा दाखला (तिसऱ्यांदा)
२. डॉक्टरांचे पत्र
३. जळालेला स्क्रीन
४. चिठ्ठीची प्रत. मूळ चिठ्ठी रोज लागते.