मोठ्या अक्षरांतली शेळी

अब्बा,

“आधी चालवून बघ, मग तोंड उघड,” असं तुम्ही काष्टीच्या बाजारात मला म्हणाला होता. मी बारा वर्षांची होते आणि समोरची शेळी उभीच इतकी देखणी होती की तिला चालवून बघायची मला काही गरज वाटली नाही. हे वाक्य मधल्या तीस वर्षांत जेवढं आठवलं नसेल तेवढं गेल्या तीन महिन्यांत आठवलं, कारण गेले तीन महिने मी एक वस्तू विकत घेते आहे. घेतली असं नाही म्हणत. घेते आहे. दुकानात जाते, हातात धरते, खाली ठेवते, घरी येते. तुम्हीसुद्धा एवढ्या वेळात अख्खा कळप घेऊन, विकून मोकळे झाला असतात.

आता ती वस्तू तुम्हाला समजावून सांगायची म्हणजे पंचाईत. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात साधा फोनही नव्हता. शाळेच्या पाटीसारखी एक काचेची पाटी निघाली आहे आणि तिच्यात पुस्तकं मावतात, एवढं धरून चाला. हिच्यात दोन जाती. एक टॅब. तो रंगीत आणि चपळ, गाणी म्हणतो, सिनेमे दाखवतो, पण रोज चारायला लागतो, म्हणजे विजेला लावावा लागतो, आणि उन्हात नेला की त्यात आपलंच तोंड दिसतं. दुसरा ई-रीडर. तो काळापांढरा आणि संथ, पान उलटताना एकदा डोळा मिचकावतो, पुस्तकं दाखवण्यापलीकडे त्याला फारसं काही येत नाही. पण एकदा पोट भरलं की कितीतरी दिवस काही मागत नाही आणि उन्हात थेट कागदासारखा दिसतो. स्वस्तातला टॅब आणि साधा रीडर यांचा भाव जवळपास सारखाच. तुम्ही असतात तर दोघांचे दात बघितले असते.

वस्तू माझ्यासाठी नाही, अम्मीसाठी आहे. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालंय. कडेचं दिसतं, मधलं पुसट होतं. माझ्याशी बोलताना ती आता माझ्या कानाकडे बघते, म्हणजे तिला माझं तोंड दिसतं. डॉक्टर म्हणाले, अक्षरं चांगली मोठी केलीत तर वाचतील. आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, जे वाचायचं असेल ते आताच वाचून घेऊ द्या, पुढचं काही सांगता येत नाही. तुम्हाला आठवत असेल, राहात्याच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली ती, किराण्याच्या पुड्यांचे कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नसे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण पेपर मात्र तुमच्या नावाने यायचा, आणि ती वाचून दाखवताना तुम्ही मध्येच “पुढं, पुढं” म्हणायचात, जणू तेवढं तुम्हाला आधीच ठाऊक होतं. तिला आता एकच पुस्तक वाचायचं आहे. मागच्या वर्षी छापून आलेलं माझं पुस्तक, जे तुमच्यावर आहे. त्याचं बारीक टायपातलं पान ती नाकाशी धरते, वास घेते आणि उशाशी ठेवते. घरातली आपली बोली माझ्याकडून कागदावर नीट उतरत नाही, म्हणून तिचं बोलणंही इथे मराठीतच लिहिते. तुमचंही. तुम्ही तर मला बाजारातल्या मराठीतच जास्त आठवता.

त्या पुस्तकात शेळीचं प्रकरण आहे. सगळ्यांना तेच आवडलं.

खरं काय झालं होतं ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, आज एक शेळी तू निवड. मी पांढऱ्या कानांची, जमिनीला टेकेल एवढी कास असलेली निवडली. तुम्ही ते वाक्य बोललात, मी ऐकलं नाही, आणि तुम्ही रुमालाखाली विकणाऱ्याची बोटं धरून भाव ठरवून टाकलात. घरी आल्यावर पहिल्या धारेला पातेलं भरलं. अम्मीने शेवयांची खीर केली, मी गल्लीत दोन घरी वाटून आले. दुसऱ्या दिवशी शेळीने कपभर दूध दिलं आणि मग रोज तेवढंच. विकणाऱ्याने बाजाराआधी दोन वेळची धारच काढली नव्हती, कास तुंबवून आणली होती; चालवली असती तर मागचे पाय फाकवून चालताना कळलं असतं. अम्मी रिकामं पातेलं घेऊन दारात आली आणि म्हणाली, “कुनी घेतली ही?” तुम्ही पान खात बसला होतात. एक क्षणही न थांबता म्हणालात, “तुझ्या लेकीनं.”

काय बिघडलं असतं अब्बा, मीच घेतली म्हणाला असतात तर? पण जनावराच्या बाबतीत खोटं म्हणून तुमच्या तोंडून निघायचं नाही. गिऱ्हाईक भाव विचारायच्या आत तुम्ही त्याला ऐब सांगायचात. ही लाथ मारते, ही एका सडाने कमी आहे, हिला रात्री खोकला असतो. निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत जायची. मी मात्र पुढची कित्येक वर्षं कपभर दुधाची मालकीण राहिले. माझ्या लग्नाच्या बोलण्यातसुद्धा अम्मीने हसत हसत ते सांगितलं, पोरगी गुणाची हाय, फक्त शेळी घ्यायला पाठवू नका.

तर पुस्तकात मी लिहिलं की शेळी अब्बांनी घेतली. एवढंच केलं. बाकी सगळं खरं आहे, कान, कास, खीर, पातेलं. फक्त निवडणारी मी नव्हे, तुम्ही. आयुष्यभर जनावरं पारखणारा माणूस एका कासेला भुलतो, हे वाचायला फार गोड लागतं. एका वाचनालयात मी ते वाचून दाखवलं तेव्हा बायका पदराने डोळे पुसत हसत होत्या. फक्त मागच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ, काष्टीच्या बाजारात जन्म घालवलेले, नंतर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “ताई, लिवलंय झ्याक. पन तुमचा बाप त्या कासेला फसला, हे मला काय पटंना.” मी त्यांना चहा घेऊन जा म्हटलं.

आता तुम्हाला कळलं असेल, मला वस्तू घ्यायला तीन महिने का लागले. अक्षरं मोठी झाली की अम्मी शेळीपर्यंत पोचणार. मी मैत्रिणींना सांगत होते, मी तुलना करते आहे. वजन बघते, मराठी जोडाक्षरं फुटतात का बघते, चकाकी बघते. एका मैत्रिणीने तिचा रीडर दोन दिवस वापरायला दिला. मी त्यात माझंच पुस्तक टाकून अक्षरं सर्वांत मोठी करून पाहिली, तर पानावर जेमतेम चार ओळी. शेळी कुठल्या कुठे गेली. टॅबचं उलट. त्याला मोठ्याने वाचून दाखवायलाही सांगता येतं, म्हणजे सकाळी सुरू केलं तर दुपारच्या जेवणापर्यंत शेळी दारात. त्या दिवसापासून मी रीडरच्या बाजूने फार हिरिरीने बोलू लागले. डोळ्यांना कसा थंड, किती साधा. अम्मी माझ्या कानाकडे बघत ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “मला काय कळतंय त्यातलं. दाखव तरी दोन्ही.”

म्हणून तिला नगरच्या दुकानात घेऊन गेले. मैत्रिणीचा रीडर पर्समध्ये होता, टॅब तिथे मांडलेलेच होते. दुकानदार चाळिशीचा, बोलका. त्याने एक टॅब तिच्या हातात दिला, त्यावर मोरांचा व्हिडिओ चालू होता, मोर असे रंगीत की मलाच घ्यावासा वाटला.

“आजी, कलर बघा. टीव्ही विसराल.”

अम्मीने टॅब दोन्ही हातांनी तोलला, जशी तुम्ही आणलेली करडं तोलायची तशी. मग सरळ दाराकडे चालू लागली.

“अहो आजी, कुठं निघालात? त्याला साखळी हाय.”

“मग साखळी सोड की. उन्हात बघू दे.”

त्याने बिचाऱ्याने सोडली. पायरीवर उन्हात तिने टॅब धरला, मान वाकडी करून कडेच्या नजरेने बघितला. मोर गेले, काचेत तिचा पदर आला. “ह्यात मीच दिसतीय,” ती म्हणाली. आत येऊन तिने विचारलं, “हा एवढा उजेड असाच असतो का कुनी वाढवून ठिवलाय?” दुकानदार प्रामाणिक निघाला. म्हणाला, दुकानात फुलच ठेवतो, घरी एवढा ठेवला तर चार्जिंग टिकत नाही, आणि त्याने उजेड खाली आणून दाखवला. मोर एकदम शेवाळी झाले. अम्मी माझ्याकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, “तुंबवून आणलंय.”

दुकानदाराला काही कळलं नाही. माझ्या मात्र हातातली पर्स निसटली. रीडरला काही झालं नाही, तोही त्याचा एक गुण. तो मी तिच्या हातात दिला. दुकानदार म्हणाला, “ह्याला तर कलरपन न्हाई, आजी.” अम्मी तो घेऊन पुन्हा उन्हात गेली, आणि तिथेच पायरीवर बसली. माझ्या पुस्तकाचं पहिलं वाक्य तिने बोट ठेवून मोठ्याने वाचलं, मग दुसरं. रस्त्यावरची माणसं बघत होती. किती महिन्यांनी मी तिला वाचताना ऐकत होते. पहिल्या पानावर तुमचं टोपी झटकणं आहे, तिथे ती थांबली. “गरीब हाय,” ती रीडरकडे बघून म्हणाली. “ह्योच घेऊ.” तेव्हा मला माझीच लाज वाटली, कारण हा मी वेळ काढायला पुढे केला होता आणि तो खरोखरच चांगला निघाला. दुकानात रीडर मिळत नव्हता, मागवून घेतला.

आता ती रोज दुपारी खिडकीशी बसून वाचते. बोट लागून पान आपोआप उलटलं की त्याला रागावते, “थांब की जरा, कुठं पळतोस.” मी केलेल्या चुका सांगते. निकाहाच्या दिवशी तिची साडी हिरवी नव्हती, डाळिंबी होती. तुमच्या धाकट्या भावाला मी एक बोट जास्त उंच केलंय. मी म्हटलं, पुस्तकात थोडं इकडंतिकडं चालतं. ती म्हणाली, “साडीचं चालतं.” काल ती काष्टीच्या बाजाराच्या पहिल्या पानाशी पोचली. रीडर मांडीवर उपडा ठेवला आणि विचारलं, “शेळीचं लिवलंयस का गं?” मी म्हटलं, पुढे आहे. “खरं खरं लिवलंस ना?” मी दूध उतू जातंय म्हणून आत गेले. गॅसवर काहीच नव्हतं.

हे पत्र मी तिच्या शेजारी बसूनच लिहिते आहे, आणि ते कुठे टाकायचं नाही हेही मला ठाऊक आहे. तिला सांगायला मात्र अजून जीभ रेटत नाही. दुपारची नमाज झाली की ती हळू आवाजात तुमच्याशी बोलते, भाज्यांचे भाव सांगते, माझ्या तक्रारी सांगते. तुम्ही काय उत्तर देता मला माहीत नाही, पण ती मध्येच हं म्हणते. आज-उद्या ते पान वाचून ती तुम्हाला विचारेल, शेळी नक्की कुणी घेतली होती म्हणून. अब्बा, एवढ्या वेळी म्हणा की तुम्ही घेतली होती.