मसुरातले खडे

प्रिय टिटवे,

आजी नावाची एक बाई अजून जिवंत आहे, हे तुझ्या लक्षात राहावं म्हणून हे पत्र. लिहून घेतायत शेजारचे मास्तर. मी सांगते त्यातलं तिखट ते गाळतात असा मला संशय आहे, म्हणून शेवटी दोनदा वाचून घेणार आहे. तुझ्या आईला यातलं काही ठाऊक नाही.

तुझं काम मी मास्तरांना समजावलं. लोखंडी पिंपातली हवा पार उपसायची आणि त्या रिकाम्या जागेत लेझरचा असा झोत मारायचा की सूर्यानं लाजावं. कशासाठी, तर रिकामी जागा खरंच रिकामी असते का ते बघायला. मास्तर म्हणाले, याचा पगार देतात? मी म्हटलं, तुम्हाला नाही का चाळीस वर्षं दिला. तूच सांगितलं होतंस, ‘काही नाही’ असं कुठेच नसतं, उजेड पुरेसा हवा. म्हणून गेल्या खेपेला तू चार दिवस ‘काही नाही गं’ म्हणत राहिलीस, तेव्हा मी नजर रोखून बसले.

पाणी पेल्याबाहेर ओतलंस. डावा खांदा चौकटीवर दोनदा आपटलास. सुईत दोरा ओवायला सांगितला की तुला फोन यायचा, आणि तो वाजलेला मी एकदाही ऐकला नाही. जेवताना मला मुद्दाम उजवीकडे बसवलंस. आता फोनवर दिसतेस तीही अर्धीच. मला अक्षरं वाचता येत नाहीत, टिटवे, नातवंडं येतात.

आणि बोटात माझी अंगठी नव्हती. चकाकणारं काही घालून तिथे जायचं नाही, झोत त्यावरून उलटतो, काळा चष्मा क्षणभर काढलेला असला तरी डोळा जातो, हे तू पहिल्याच वर्षी सांगितलं होतंस. मीच म्हटलं, तुझ्या साहेबाला काय कळतंय, आजीची अंगठी उतरवलीस तर बघ. शपथ घातली. त्या झोतापुढेही ती तू पाळलीस का, आणि अंगठी उतरली ती डोळा गेल्यावर का, एवढंच विचारायला हे पत्र. डोळा लपवतेस तो माझ्यासाठीच लपवत असलीस, तर ते ओझं एकटीनं वाहायचं नाही.

गोड बोलून सुटशील, म्हणून सोबत अर्धा किलो मसूर धाडतेय. त्यात मसुराच्याच रंगाचे खडे मिसळलेत. किती, ते मास्तरांनाही सांगितलं नाही. मैत्रिणीला बसवू नकोस. उजवा डोळा झाकून निवड आणि मसूर मला परत पाठव. नाहीच जमलं, तर खड्यांसकट पाठव. निवडायला मी आहे.

तुझीच,
अंगठेबहाद्दर आजी