डाव्या डोळ्याचं मलम

नेइआफू, वावाऊ बेट
मंगळवार, १६ जुलै

आदरणीय वाइंगा आत्या,

देवाने आपल्याला हाही दिवस दाखवला, त्याचे आभार. इथे सगळे ठीक. यंदा कंद बरे पोसलेत, डुकरीण व्यायली, चर्चचं छत अजून गळतंच आहे. ऑकलंडला थंडी असेल, जपा.

माझंही ठीकच. म्हणजे डावा डोळा सोडून. ते तुम्हाला ठाऊक आहे. कसं ठाऊक, तेच खडसावून विचारायला हे पत्र लिहिणार होते. आता दुसरंच विचारायचंय.

बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. एका सकाळी चहा ओठांतून गळायला लागला. अर्धा चेहरा लुळा! तोंड पुढे सावरलं, डोळा काही सावरला नाही. खालची पापणी बाहेर उलटून लोंबते, आतलं लाल दिसतं, पाणी गालावरून वाहत राहतं. चर्चमध्ये पास्टर पापावर बोलायला लागले की माझ्याकडेच बघतात. त्यांना वाटतं, बाई पश्चात्तापाने रडतेय. लेसिएली वहिनी तर म्हणाली, "पुरे गं आता, रडून काय मामंजी परत येणारेत?"

मग घरच्यांनी ठरवलं की बाबांच्या कबरीत झाडाचं मूळ शिरलं असणार. तिकडे कवटीच्या डोळ्याच्या खोबणीत मूळ गेलं की इकडे लेकराचा डोळा जातो, हे का तुम्हाला सांगायला हवं? कबर उघडली. हाडं स्वच्छ. कवटीत केसाएवढंही मूळ नाही. खोबरेल लावून परत ठेवली. घरी येताना वहिनी म्हणाली, "मूळ नाही ना? मग माणूस आहे."

नाव कुणी घेतलं नाही, पण बापाच्या बहिणीचा शब्द शापासारखा लागतो आणि तो तिलाच मागे घेता येतो, हे शेंबडं पोरही जाणतं. मयताला तुम्ही बाबांच्या उशाशी बसलात, हातातला विणलेला पंखा तोंडाआड धरून. चहाचा घोट घेतला नाहीत. मयताला आलेल्या चटया नातलगांत वाटायच्या आधीच उठलात आणि विमानतळ गाठलात. थोरली चटई मेलेल्याच्या बहिणीची, तुमच्या हक्काची, तिला हातसुद्धा लावला नाहीत. आत्या आपली चटई टाकून जाते, याचा अर्थ काय घ्यायचा? मी घ्यायचा तो घेतला.

म्हणून घरात बजावलं होतं, ऑकलंडला यातलं अक्षर कळता कामा नये. तरी गेल्या महिन्यात तुमचं पार्सल आलं. मलम, चिकटपट्टी, आणि वर लिहिलेलं, "डाव्या डोळ्याला, झोपताना." अंगावर काटाच आला. डावा कुणी सांगितला? ज्याने दगड मारला त्यालाच ठाऊक तो कुठे लागला! ट्यूब पलंगाखाली सरकवली. विष असेल, असंही मनात आलं.

काल इथल्या इस्पितळात मेलबर्नच्या डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला. म्हणाल्या, "डोळा मिटणाऱ्या स्नायूची नस गेलीय. स्नायू सैल पडला, म्हणून पापणी लोंबते. नाकात उतरायचं पाणी गालावर येतं आणि झोपेतही डोळा उघडा राहून सुकतो. बुबुळाला जखम झालीय. गुरुवारी पापणीचा बाहेरचा कोपरा आखडून हाडाशी शिवते. नस परत येणार नाही, पण पापणी डोळ्याला टेकेल. शुक्रवारी मी निघाले. थांबलात तर डोळा जाईल."

चटईची सैल कड मीही अशीच आखडते, त्यामुळे समजलं सगळं. पण शापावर टाके टिकतात का? म्हटलं, आत्याचा शब्द आल्याशिवाय सुई लावू देणार नाही.

"झोपताना काय लावता?" त्यांनी विचारलं. तर आमच्या सेमिसीने खिशातून ती ट्यूब काढली! नवरा माझा, पण चोर. डॉक्टरीणबाई खूश. "हेच तर हवं. आणि नेमाने लावलेलं दिसतंय, निम्म्याहून जास्त संपलंय."

मी टोपणसुद्धा उघडलं नव्हतं, आत्या, आणि सेमिसी शपथेवर सांगतो, त्यानेही नाही.

ट्यूब हातात घेऊन पाहिली. खालच्या टोकापासून नीट गुंडाळत आणलेली, थेंब वाया न घालवता.

वाटेत सेमिसीला धरला. "तूच फोन केलास ना?"

"केला," तो म्हणाला. "कुणीतरी करायलाच हवा होता. शापबिप काही काढलं नाही त्यांनी. एवढंच विचारलं, कोणता डोळा, झोपेत मिटतो का, वाऱ्यात झोंबतो का. आणि लोकांसमोर चहा पिते का, असं विचारलं. मला काही कळलं नाही."

मला कळलं. चटई घ्यायला उभं राहावं लागतं, सगळ्या गावासमोर, पंखा खाली ठेवून. आणि वाकडं तोंड बघून गाव काय म्हणालं असतं, तेही कळलं. मीच पहिली म्हणाले असते.

गुरुवारी मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपतेय. हो म्हणून सांगितलंय. थोरली चटई माझ्या ट्रंकेत आहे, अधूनमधून ऊन दाखवते. ती घ्यायला ये. पंखा तिकडेच ठेवून ये. वहिनीने तोंड उघडलंच तर मी बसलेय इथे.

त्या दिवशी तुझी एकेक खोडी मी टिपून ठेवली होती. पण पंखा कोणत्या गालाशी होता, ते सकाळपासून आठवून बघतेय, आठवत नाही. तेवढं कळव गं. तुझा कोणता डोळा?

तुझ्या भावाची लेक,
इलैसाने