व्यंकटची हंबर आणि चांगुणाचे घर

मी, बलभीम सटवाजी सरवदे, वय त्रेसष्ट, धर्म बौद्ध, पूर्वी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात शिपाई, सध्या पेन्शनर, राहणार हिंगणदरा, तेरजवळ, तालुका व जिल्हा उस्मानाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या छातीत पाणी झाले आहे, डोक्यात झालेले नाही. आज सकाळी मी अर्धी भाकरी खाल्ली, आलेली माणसे ओळखली आणि ज्याला ओळख द्यायची नव्हती त्यालाही ओळखले. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. ती करण्याइतके माणूस आता घरात उरलेले नाही.

वकिलांनी मसुदा करून दिला होता. त्यात माझे सगळे आयुष्य अर्ध्या पानात मावले. तो बरोबरच असेल, पण पुढे तंटा झाला तर तो वाचून कुणाला काही कळायचे नाही. म्हणून कलमे त्यांची ठेवली आणि मजकूर माझा घातला. वकील म्हणाले, "काका, एवढं लांबण लावू नका." मी म्हणालो, पहिल्यांदाच मरतोय, लावू द्या.

कलम १. मिळकत. हिंगणदरा गावठाणात माझे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर आहे. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस समाजमंदिराची मोकळी जागा, उत्तरेस बोळ आणि पश्चिमेस माझा पुतण्या महारुद्र याचे घर. हे घर मी माझ्या पगारातून बांधले. त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. महारुद्रने हे वाक्य दोनदा वाचावे. याखेरीज पोस्टातली थोडी शिल्लक, घरातली भांडी, सायकलीची अवजारे आणि एक हंबर सायकल.

कलम २. वारस. माझी पत्नी कडूबाई दोन वर्षांपूर्वी वारली. आम्हाला एकच मुलगा, व्यंकट. त्याची बायको चांगुणा. त्यांना मूल नाही. घर मी चांगुणाला देणार आहे. मुलगा असताना सुनेला का, याचे कारण लिहा, असे वकिलांनी बजावले आहे. कारण न लिहिल्यास महारुद्र कोर्टात उभा राहील हे त्यांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. परवाच तो अंगणात बसून मला म्हणाला, "चुलते, व्यंकटदादा जिता हाय असं तुमीच सांगता. मग घर त्याचं. त्यो येस्तोवर आमी सांभाळतो की. वयनीचा काय संबंध?"

मला त्याचा राग आला, पण व्यंकट जिवंत आहे असे मी खरोखरच सांगत आलो आहे. कडूबाईने मरताना माझा हात धरला आणि म्हणाली, "म्या गेल्यावर तुमी त्याला मारू नगा." मी हो म्हणालो. आता त्या हो म्हणण्यावर महारुद्र घर घ्यायला निघाला आहे. म्हणून मला व्यंकटचे सगळे लिहावे लागते आणि ते पालट बाजारापासून लिहावे लागते.

कलम ३. पालट बाजार. नव्या पोरांना हा बाजार माहीत नाही. होळी झाली की पुढच्या रविवारी तेरला नदीच्या पात्रात जुन्या सायकलींचा बाजार भरायचा. लिंबाच्या सावलीत उमरगा, वाशी, पार भीमेच्या पलीकडून माणसे यायची. कुणी अख्खी सायकल आणायचा, कुणी नुसते चेनकव्हर, डायनामो, सीट, कार्बाइडचा दिवा. राले, हंबर, फिलिप्स, हर्क्युलस, साहेबांच्या आणि निजामाच्या अंमलदारांच्या उतरलेल्या सायकली. पैसा चालत नसे. कुणी खिशात हात घातला की सगळे मिळून त्याची टर उडवायचे. वस्तू देऊन वस्तू घ्यायची. फुकट काही द्यायचे नाही आणि घ्यायचेही नाही.

पालटण्याआधी समोरच्याची सायकल ओढ्यापर्यंत चालवून बघायचा रिवाज होता. माझ्या हातचे पाणी ज्यांना गावात चालत नव्हते, ते माझ्या सीटवर बसून ओढ्यापर्यंत जाऊन येत आणि घाम पुसत म्हणत, "बलभीम, ब्रेक लई झ्याक हाय." मला हे बघून हसू यायचे आणि चीडही यायची. तरी मी वर्षभर त्या रविवारची वाट बघायचो. दवाखान्याच्या कामाला, लसीचा थर्मास अडकवून गावोगाव फिरताना, पुढच्या बाजारात कुणाकडून काय काढायचे याचे बेत मनात चालायचे. वाशीचा श्रीपती आणि मी एकच चेनकव्हर वर्षाआड एकमेकांच्या गळ्यात मारायचो. ज्याच्याकडे ते असेल तो वर्षभर शिव्या खायचा. माझ्या आयुष्यात निखळ मजा म्हणावी अशी तेवढीच होती, ते लिहून ठेवतो.

आता मुख्य रिवाज. सायकल पालटायची, घंटी पालटायची नाही. आपली घंटी काढायची आणि नव्या सायकलीला लावायची. घंटीवरून माणूस ओळखायचा. अंधारात रस्त्यावर घंटी वाजली तर घरातून आवाज यायचा, "कोन, श्रीपती का?" जित्या माणसाने आपली घंटी दुसऱ्याला दिल्याचे मी त्या बाजारात कधी पाहिले नाही.

व्यंकटच्या लग्नात मी त्याला हंबर दिली. तिची पितळी घंटी मी स्वतः बसवली. तिची आतली टिकली जरा वाकडी बसली होती, म्हणून एकदा दाबली तरी ती दोनदा बोलायची. कडूबाई चुलीपुढून म्हणायची, "आला माझा."

कलम ४. आबाराव. बहात्तरच्या पावसाळ्यात पाऊस झाला नाही आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गावात जनावर उरले नाही. मी गुरांच्या छावणीवर होतो. सकाळी टोचलेली जनावरे दुपारी ओढून टाकायचो. व्यंकटला नालाबांधाच्या दुष्काळी कामावर घ्यावे म्हणून मी आबारावांकडे गेलो. ते आमच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन होते आणि कामावर कुणी जायचे हे त्यांच्या तोंडून ठरायचे. चार माणसांत ते म्हणाले, "बलभीम, तू सरकारी नोकर. तुज्या पोराला काम दिलं तर बाकीच्यांनी माती खावी का?" चार माणसांनी माना हलवल्या. माझ्या एका पगारावर माझे घर, भावाचे घर आणि दोन बहिणी होत्या, हे त्या चौघांनाही माहीत होते.

व्यंकटने ते ऐकले. चार दिवसांनी हंबरवर वळकटी बांधली आणि भीमेपलीकडे खाणीवर काम आहे म्हणून गेला. चांगुणा तेव्हा अठराची होती. तिला म्हणाला, "पाऊस पडला की येतो." पाऊस पडला. तो आला नाही.

आबारावांवरचा राग मी कुणाच्याही नावे करत नाही. चांगुणाने तो सांभाळू नये, तिला इतर कामे आहेत. मात्र या मृत्युपत्राला पहिले साक्षीदार म्हणून आबारावांनीच सही करावी अशी मी त्यांना गळ घातली आणि ते कबूल झाले. वकिलांना वाटते, मोठ्या माणसाची सही असली की महारुद्र दबेल. तेही खरे आहे. पण सहीआधी त्यांना हा सगळा मजकूर वाचायला लागेल, हे मी मुद्दाम केले आहे.

कलम ५. हंबर परत आली तो दिवस. दुष्काळात बाजार भरला नाही. पंचाहत्तरच्या फाल्गुनात पुन्हा भरला. माणसे निम्मी, सायकलीही निम्म्या, पण श्रीपती ते चेनकव्हर घेऊन आला होता. कडूबाई आणि चांगुणा भाकरी घेऊन आल्या होत्या. आम्ही लिंबाखाली फडके सोडले आणि ओढ्याच्या बाजूने ती घंटी वाजली. एकदा दाबलेली, दोनदा बोललेली.

कडूबाई हातातली भाकरी टाकून उठली. "आला गं! चांगुणा, आला माझा!" म्हणत ती अनवाणी वाळूत धावली. चांगुणा उठली, पदर सावरला आणि जागीच उभी राहिली. मी चांगुणाचे तोंड पाहत होतो. त्या वेळचे तिचे तोंड मला अजून दिसते.

हंबरवर एक परका माणूस होता. गुरुसिद्धप्पा त्याचे नाव, कर्नाटकातला, बाजारात पहिल्यांदाच आलेला. कडूबाईने सायकलीचे हँडल धरले आणि त्याच्या मागे बघायला लागली, जणू व्यंकट मागून चालत येणार होता. आमचा रिवाज त्या माणसाला ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर त्याने ती घंटी काढून आपली लावली असती आणि आम्ही त्याच्याकडून हंबर पालटूनही घेतली नसती, ती आमच्या जवळून नुसती निघून गेली असती. त्याच्या न कळण्यामुळे आम्हाला कळले.

मी विचारले तेव्हा तो घाबरला. म्हणाला, "मी चोरलं न्हाई री. खाणीत दरड पडली. माणसं खाली ऱ्हायली. सायकली वर ऱ्हायल्या. नेयाला कोण आलं न्हाई, म्हणून मुकादमानं वाटून टाकल्या. मला ही आली."

"नावं?" मी म्हणालो.

"नावं कुणाला ठाव री? रोजाची माणसं."

श्रीपती मध्ये पडून म्हणाला, "वैनी, घरी चला." कडूबाई कुणाचे ऐकेना. ती त्या माणसालाच समजावत होती, "त्यानं घंटी इकली आसंल दादा. भूक लागली आसंल. दुसरीकडं गेला आसंल." गुरुसिद्धप्पा भला माणूस होता. खाली उतरला आणि हंबर माझ्याकडे करून म्हणाला, तुमची आहे, घेऊन जा. पण त्या बाजारात फुकट घ्यायचे नसते. मी माझी राले त्याला दिली. तिची घंटी श्रीपतीने काढून दिली. असा तो माझा सायकलीचा शेवटचा पालट. हंबर आम्ही हातात धरून चालत घरी आणली, तिघांपैकी कुणीही तिच्यावर बसले नाही.

नंतर मी रजा काढून त्या खाणीवर गेलो. तिथे बुजवलेला खड्डा आणि त्यावर उगवलेली बाभळीची रोपे होती. ठेकेदाराच्या माणसाने व्यंकट नावाचा कुणी कामावर नव्हताच असे सांगितले. सगळ्यांना तो तेच सांगत होता. मी खड्ड्याच्या कडेला बसलो, त्रिशरण म्हटले आणि परत आलो. घरी आल्यावर कडूबाईने विचारले, "तिथं न्हवता ना?" मी म्हणालो, नव्हता.

पुढे दर होळीनंतर ती बाजारात जायची आणि रस्त्याकडे तोंड करून बसायची. बाजार आटत गेला. कर्जाने लुना आल्या, सायकली भंगारात गेल्या. शेवटी लिंबाखाली श्रीपती, मी आणि कडूबाई एवढेच असायचो. ती वारली तेव्हा मी ती घंटी तिच्या सरणावर ठेवणार होतो. पण तिने आधीच चांगुणाला सांगून ठेवले होते, "नगं. त्यो आला तर त्याला लागंल."

कलम ६. वाटप. अवजारे, म्हणजे पाने, पंप, स्पोक ओढायची चावी आणि पंक्चर बघायची बादली, वाशीच्या श्रीपतीला. चेनकव्हर सध्या माझ्याकडे आहे, तेही त्यालाच. तो शिव्या देईल, त्या मी ऐकल्या असे समजावे. हंबर आणि घंटी चांगुणाची. तिने ठेवावी, द्यावी, मोडीत घालावी, तिला कुणी विचारू नये. पोस्टातली शिल्लक माझ्या अंत्यविधीला लागेल तेवढी वजा करून चांगुणाची. महारुद्रला माझा कोट द्यावा. तो त्याला घट्ट होईल, पण मी कुणाला रिकाम्या हाताने पाठवत नाही.

घर, कलम १ मध्ये लिहिलेले, चांगुणाच्या एकटीच्या मालकीचे होईल. तिने दुसरे लग्न केले तरी तिचेच राहील आणि त्या घरात तिने नवऱ्याला आणले तरी माझी हरकत नाही. ती एकतीस वर्षांची आहे. तिची सारी जवानी आमच्या अंगणात पाणी भरण्यात आणि कडूबाईला धीर देण्यात गेली. या विषयावर गावात जो बोलेल त्याने आधी स्वतःची लेक डोळ्यांपुढे आणावी.

कलम ७. जाहीर करणे. सात वर्षे माणसाची खबर नसेल तर कायदा त्याला मेलेला धरतो, असे वकील सांगतात. कायद्याचे मला माहीत नाही. मी बाप म्हणून लिहितो: माझा मुलगा व्यंकट बलभीम सरवदे हा सन १९७३ च्या उन्हाळ्यात खाणीत दरड कोसळून मरण पावला. चांगुणा ही दिवंगत व्यंकटची विधवा आहे. कडूबाई, मी तुला दिलेला शब्द इथे मोडला. तुझा मुलगा मी मारला नाही. तो तेव्हाच गेला होता.

एवढे लिहून झाल्यावर काल वकिलांनी विचारले, "व्यंकट परत आल्यास घर त्याचे, असं एक कलम खबरदारी म्हणून घालू का? दोन ओळींचं काम आहे." माझ्या मनाला ते बरे वाटले. मी हो म्हणणारच होतो. चांगुणा चहा घेऊन दारात उभी होती. तिने कप खाली ठेवले.

"नगं, मामा," ती म्हणाली. "त्या दोन वळी घातल्या तर उद्यापासनं म्या पुन्हा वाट बघंन."

म्हणून ते कलम घातलेले नाही.

वरील सर्व मजकूर माझा आहे, मी वाचला आहे आणि तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: हिंगणदरा
तारीख: ९ नोव्हेंबर १९८६

सही: बलभीम सटवाजी सरवदे

साक्षीदार:
१. आबाराव (माजी चेअरमन, गावची सोसायटी), राहणार हिंगणदरा. सगळे वाचले. सही.
२. श्रीपती, शेतकरी, राहणार वाशी. सही.