खाकरण्याचं बटण

३ ऑक्टोबर

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

सोबत पेन ड्राइव्ह पाठवत आहे. त्यात मी तयार केलेला संगणकावरचा खेळ आहे. फोनवर मी नुसतेच हूं हूं करते अशी तुझी तक्रार असते, म्हणून सविस्तर लिहिते. कागदावर माझी जीभ सुटते; उगाच का तू मला लहानपणापासून वाळवी म्हणतेस!

ज्यांनी आयुष्यात असा खेळ हाताळलेला नाही, त्यांना तो कुणी न शिकवता कसा उमगेल, हा माझ्या संशोधनाचा विषय. साठीपुढची बारा माणसे मी विद्यापीठात खेळायला बसवली. त्यांतली नऊ एकाच जागी अडकली. खेळताना मदत करायची नाही, काही सुचवायचे नाही, असा आमचा कडक नियम आहे, म्हणून ती जागा तुलाही सांगत नाही. खेळ संपल्यावर मी छापील प्रश्नावली दिली. अडचण कशाची, या प्रश्नापुढे नऊच्या नऊ जणांनी 'बटणे' या शब्दावर खूण केली. बटणे आहेत एकूण पाच! चार दिशांची आणि एक वस्तू उचलण्याचे.

चार नोव्हेंबरला समितीपुढे उभे राहायचे आहे. तोवर कारण सापडले नाही तर संशोधन थांबेल, आणि दुसऱ्या वर्षाला खेळरचना शिकवण्याचा माझा तासही जाईल. तसाही त्या तासाला कुणी शंका विचारत नाही. माझ्या खोलीतले टेबल भिंतीकडे तोंड करून आहे. दाराकडे पाठ असली की पुष्कळ बोलणे वाचते.

काकांना नमस्कार. तुझा जीव माझ्यावर आहेच. या खेळावरही थोडा जडू दे.

तुझी,
वाळवी


११ ऑक्टोबर

चि. वाळवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बसले एकदाची तुझ्या खेळाला. काका शेजारी खुर्ची टाकून बसले होते; त्यांना मी तोंड उघडू दिलं नाही. नियम म्हणजे नियम.

झाडं छान काढली आहेस, पूलही छान. पण तो तुझा म्हातारा घड्याळजी! त्याला वळण कुणी लावलं आहे की नाही? दार अर्धं उघडं, हा आत पाठ करून घड्याळ दुरुस्त करतोय. दारात बाईमाणूस येऊन उभं आहे याचं सोयरसुतक नाही. आणि दार तरी काय ते, लालभडक, वर दिवा! मला वाटलं, दवाखानाच आहे. चाळीस मिनिटं उभी होते मी. तो मान वर करीना, कुणी या म्हणेना. शेवटी चहाची वेळ झाली तशी संगणक बंद केला.

अगं, तीस वर्षं पाण्याचे मीटर वाचत दारोदार हिंडले मी. सताड उघड्या दारातही कधी परस्पर पाऊल टाकलं नाही. आधी खाकरायचं, कडी वाजवायची, आतून आवाज आला की मग आत. तुझ्या त्या पाच बटणांत खाकरायचं कुठलं, तेवढं कळव.

आणि खरं सांग, त्या नऊ जणांना तू तोंडानं काही विचारलंस, की हातात कागद सरकवून मोकळी झालीस?

नीट जेवत जा. रागावले तरी माया पातळ होत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुझी,
मावशी


१८ ऑक्टोबर

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझे पत्र मी प्रयोगशाळेत तीनदा वाचले आणि तिसऱ्यांदा मोठ्याने हसले. सगळ्यांनी वळून पाहिले.

होय, कागदच सरकवला. लेखी परीक्षेला पहिली आणि तोंडी परीक्षेला घामाघूम, ही माझी शाळेपासूनची कीर्ती. ते नऊ जण माझ्यासमोर बसले होते. एक प्रश्न विचारला असता तर चार महिने वाचले असते. त्याऐवजी त्यांना दारच दिसत नसेल असे धरून मी ते मोठे करत बसले, रंगवत बसले.

मग धीर करून नऊ जणांना फोन केले. पहिले वाक्य कागदावर लिहून ठेवले होते. सात जणांनी तुझेच उत्तर दिले. एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, न विचारता घरात शिरायला आपण काय चोर आहोत? एका आजोबांनी तर टकटक करण्याचे बटण सापडेल म्हणून सगळा कळफलक दाबून पाहिला होता. म्हणजे 'बटणे' या शब्दावर सगळ्यांनी केलेली खूण खरीच होती, एक बटण कमी होते. मलाच ते वाचता आले नाही.

मी सहावे बटण करते आहे. ते दाबले की खेळणारा खाकरेल आणि म्हातारा मागे वळेल. त्याला काकांचा आवाज हवा आहे. तीनच शब्द: या, आत या. मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून पाठवशील?

तू नसतीस तर मी अजून दारच रंगवत असते, एवढे ध्यानात असू दे.

तुझी,
वाळवी


२५ ऑक्टोबर

चि. वाळवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आवाज मिळाला असेल. तीन शब्दांसाठी या माणसानं दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. आरशासमोर तालीम केली, मिठाच्या गुळण्या केल्या, एकोणीस वेळा म्हणून पाहिलं. अडतीस वर्षांच्या संसारात माझ्याशी इतक्या गोडीनं एकदाही बोलले नाहीत! आता दाराची घंटा वाजली की स्वतः उठून जातात.

समितीपुढे वर बघून बोल. तीही माणसंच आहेत, कान देऊन बसलेली असतात.

इकडची काळजी करू नकोस, पण आठवण काढत जा.

तुझी,
मावशी


५ नोव्हेंबर

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

सुटले! समितीने संशोधन पुढे चालू ठेवायला मान्यता दिली, तासही राहिला. मी इतकी बोलले की आमच्या मार्गदर्शक बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवून मला थांबवले. असे प्रथमच घडले. नऊपैकी आठ जण आता आत जातात. काकांचा आवाज ऐकून मुख्याध्यापिकांनी पडद्याला नमस्कार केला. नववे आजोबा मात्र अजून दारातच आहेत. त्यांचे म्हणणे, माणूस कामात दिसतो, उद्या येतो.

काल समितीहून परतले आणि सवयीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसले. थोड्या वेळाने मागे कुणीतरी हलकेच खाकरले. वळून पाहिले तर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी वही छातीशी धरून दारात उभी होती. मी म्हटले, या, आत या. अगदी काकांसारखे! ती बसली, शंका विचारली, आणि जाताना हळूच म्हणाली की ही तिची चौथी खेप होती.

आज सकाळी मी टेबल फिरवून घेतले आहे. आता दार समोर दिसते.

काकांना सांग, त्यांचे तीन शब्द मी उसने घेतले आहेत, परत मिळणार नाहीत. तुमचा दोघांचा हात असाच पाठीवर असू द्या.

तुझी,
वाळवी