खिडकी नंबर पाच

मंगळवार, ७ तारीख

घुबडे,
अनेक आशीर्वाद.

मी तुझी आजी. ओळख मुद्दाम सांगते, कारण तू विसरली असशील. शाळेत जाताना डबा विसरायचीस, येताना दप्तर. एकदा एकाच पायात चप्पल घालून घरी आलीस आणि मलाच विचारलंस, दुसरी कुठाय? त्या मानाने एक म्हातारी विसरणं काही मोठं नाही. बुटकी, तोंडात तूच केलेली कवळी, आणि अक्षराशी जन्माचं वाकडं. आठवली का?

पत्र खालचे शिंपीदादा लिहून देतायत. तू जिच्याकडे राहायला गेलीस त्या कुरळीने मागे मला मोजे पाठवले होते, त्या खोक्यावरून पत्ता घेतला. दादांचं अक्षर तुला कळेलच. ते माप लिहितात तसंच पत्र लिहितात, तुटक. मी एवढं बोलते आणि पेन इतकंसंच हलतं. मी विचारलं तर म्हणतात, "आजी, मी गाळत नाही, आवळतो." आवळा म्हटलं, पण श्वास घ्यायला जागा ठेवा.

इकडे सगळं ठीक. खोली ठीक, नळ ठीक, मी ठीक. दादा खालून शर्ट पाठवतात, मी खिडकीत बसून काजं करते, बटणं लावते. काल एका शर्टाला काजं सहा आणि बटणं सात झाली. दादा म्हणाले, "लक्ष कुठंय?" लक्ष जिन्यात होतं. हल्ली आपल्या जिन्यात बुटांचा आवाज फार येतो. म्हणून मी रेडिओ लावत नाही.

तुझा फोन लागत नाही. दोनचं बटण दाबून धरलं की तू, असं तूच शिकवून गेलीस. आता दोनचं बटण दाबलं की एक बाई बोलते, हा फोन बंद आहे म्हणते. तिला म्हटलं, अगं बये, तू कोण मधे? बाजूला हो आणि माझ्या नातीला फोन दे. ती पुन्हा तेच. सकाळ-संध्याकाळ आमचं भांडण होतं. बोलायला नसेल तुझ्याकडे काही, तर नुसती खोकलीस तरी चालेल. तुझा खोकला मी ओळखते.

आता मुद्द्याचं. नगरपालिकेने शिक्षणाच्या कर्जासाठी खिडकी उघडली आहे. वॉर्ड ऑफिसात, तळमजल्यावर, नंबर पाच. दादांनी पेपरात वाचलं आणि मी दुसऱ्या दिवशी जाऊन उभी राहिले. कर्ज माफ होत नाही, उगाच नाचू नकोस. पण दोन वर्षं अर्धं व्याज पालिका भरणार, त्यांचा माणूस बँकेशी बोलून हप्ते बारीक करून देणार, आणि नाव नोंदलं गेलं की वसुलीवाल्यांनी दारात यायचं नाही. यायचंच नाही! मी त्या खिडकीवाल्याकडून तीनदा वदवून घेतलं. चौथ्यांदा विचारलं तर तो म्हणाला, "आजी, मागे रांग आहे."

अटी दोन. आधी त्यांचं माणूस घर बघून जाणार. आणि ज्याचं कर्ज त्याने महिनाअखेरपर्यंत स्वतः यायचं, तोंड दाखवायचं, सही करायची. माझा अंगठा तिथे चालत नाही. बँकेत जामीन म्हणून मात्र कसा छान चालला होता.

तर ये. ती दातांची लॅब बंद पडली त्यात तुझा काय दोष? तू काही लोकांचे दात खाऊन पळाली नाहीस, केलेस. आधी मी चुकून चार नंबरला उभी होते, तिथे रांग छोटी होती. मग कोणी सांगितलं की ही जन्म-मृत्यूच्या नोंदीची खिडकी. अशी पळाले तिथून, तू बघितलं असतंस तर हसली असतीस.

परवा पेटी आवरली. तुझ्या पेन्सिली निघाल्या, एकही धड नाही, सगळ्या चावलेल्या. पेन्सिली, मेणबत्त्या, साबण, दादांचा खडू, काही सोडलं नाहीस. पायरीवर आपटून वाकडा झालेला तुझा तो पुढचा दात प्रत्येकीवर तिरपा उमटलाय. दुनियेचे दात सरळ करायला निघालीस आणि स्वतःचा तसाच ठेवलास.

वसुलीवाला येऊन गेला. तोच, वासाचं तेल लावणारा, करकर बुटांचा. मी त्याला काहीतरी सांगितलं आणि तो गेला. तेव्हापासून आलेला नाही. काय सांगितलं ते सोड. दादा पेन थांबवून माझ्याकडे बघतायत. त्यांना म्हटलं, तुम्ही लिहा, माप घेऊ नका.

मला कसलीही भीती नाही. फक्त फोन कर.

तुझी, अंगठा लावणारी,
आजी

*

शनिवार, १८ तारीख

घुबडे,
या खेपेला अनेक आशीर्वाद नाहीत, एकच आहे. जिवंत अस.

अक्षर वेगळं दिसेल. दादा लिहून देत नाहीत, ते माझ्याशी बोलत नाहीत. का ते सांगते. हे पत्र लिहितेय ती नगरपालिकेची घरभेटीवाली. घर बघायला आली होती, आता तुझ्याच स्टुलावर बसून लिहितेय. ती म्हणते, "हे माझं काम नाही हो." मी म्हटलं, कर्ज घेणं माझंही काम नव्हतं, लिही. हिचं पेन भरपूर हलतं. मी बोलते त्याहून जास्तच. काय लिहिते देव जाणे. मला वाचता येत नाही, विश्वास ठेवण्यावाचून काय करू?

वसुलीवाल्याला काय सांगितलं ते आता ऐक.

तो आला तो अगदी गोड. "आजी, बसू का?" बसलाच. तुझ्या स्टुलावर. खोलीभर नजर फिरवली, दाराचा फोटो काढला. मी विचारलं, दाराचा कशाला? म्हणाला, "सवय आहे." मग हळूच म्हणाला, "तुमची नात दुसऱ्या गावात आहे ना? आम्हाला पत्ता लागतो. ती कामाला लागली की आम्ही तिथे जातो. तिच्या साहेबांसमोर, सगळ्यांसमोर विचारतो. लाजेने माणसं लवकर देतात." असं म्हणून हसला. माझी कवळी कटकट वाजायला लागली. मी तोंडावर पदर धरला, तरी त्याला ऐकू गेलं. "थंडी वाजते का आजी?"

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं. ती वारली.

घुबडे, मी ठरवून नाही बोलले. त्याने तुझ्यापर्यंत पोचू नये एवढंच डोक्यात होतं. मेलेल्या माणसाला कोण कुठे शोधायला जातं? त्याने विचारलं, "कधी?" मी म्हटलं, मंगळवारी. "कशाने?" तापाने. विचारलं की उत्तर तयार, जणू कोणी मागून सांगत होतं. तो उठला, हात जोडले, म्हणाला, "दाखला काढून ठेवा." बूट करकरत खाली गेला. मी दार लावलं आणि मला वाटलं, वा गं म्हातारे, काय शहाणी तू.

त्यानंतरच्या रविवारी तुझा नेहमीचा फोन आला नाही. दोनचं बटण दाबलं तर ती बाई.

आता तूच सांग, मी काय समजू? मी तोंडाने मंगळवार म्हटलं, ताप म्हटलं, आणि त्याच आठवड्यात तू गप्प झालीस. एक मन म्हणतं, पोरीने वसुलीवाल्यांना कंटाळून फोन बंद केला असेल. दुसरं मन म्हणतं, तू बोललीस ना, घे. हे दुसरं मन दिवसभर काजं करत माझ्यासमोर बसतं. मी सुई ओवते, तो ते म्हणतं, तिला ताप आला असेल, पाणी द्यायला कोण असेल? मी बटण लावते, तो ते म्हणतं, कळवायला माणूस येईल, त्याचेही बूट वाजतील.

पहिल्या पत्रात हे सांगता आलं नाही, कारण दादा लिहीत होते. तुझ्या कॉलेजचा पांढरा कोट त्यांनी शिवलाय, बाही वाढवायला जागा ठेवून. त्यांच्या हाताने कसं लिहवून घेऊ, की मी हिला मारून टाकलं?

पण त्यांना कळलंच. तो करकर बूटवाला दुकानावरून जाताना त्यांना म्हणाला, आजींच्या नातीचं ऐकून वाईट वाटलं. दादा धावत वर आले. पायात चपला नाहीत, गळ्यात टेप. मला सगळं सांगावं लागलं. ऐकून घेतलं, भिंतीला टेकले आणि म्हणाले, "मग मी मंगळवारी पत्र कोणाला लिहिलं?" मला हसू आलं, त्यांना नाही आलं. त्या दिवसापासून शर्ट वर पाठवत नाहीत.

मग आज ही आली. मी तुझा टॉवेल ओला करून दोरीवर टाकला होता, तुझा कंगवा आरशापाशी, दोन ताटं मांडलेली. नात बाहेर गेलीय, येईल एवढ्यात, म्हटलं. ही टॉवेलाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, याच्यावर घडीची रेघ आहे." इतकी शहाणी मुलगी, नगरपालिकेत कशी लागली कोण जाणे. (हेही लिहिलंस ना? लिहिलं म्हणतेय.)

मग तिने सांगितलं, "आम्ही बँकेला विचारलं. त्यांच्याकडे नोंद आहे की तुमची नात हयात नाही. म्हणून मी आमच्या चार नंबरच्या खिडकीत बघून आले. तिथे तिचं नाव नाही."

मी तिचा हात धरला. नाही ना? म्हणजे ती आहे!

हिने माझा हात तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, "आमच्या हद्दीत नाही, एवढंच मला सांगता येतं."

हद्दीत. तू हद्दीबाहेर आहेस. तिकडचीही एक चार नंबरची खिडकी असेल, आणि तिथे बघायला माझं कोणी नाही. माझी कवळी वाजायला लागली तशी हिने उठून मला पाणी दिलं. आणि मी विचारायच्या आधीच म्हणाली, "पत्र लिहायचं का?"

तर हिचं म्हणणं नीट ऐक. मी मारलेली थाप हिने कागदावर घेतलेली नाही. म्हणते, घाबरलेल्या माणसाचं बोलणं मी लिहीत नसते, दिसतं ते लिहिते. पण बँकेची नोंद पुसायची तर जिवंत माणूस लागतं. तू तीस तारखेच्या आत पाच नंबरला येऊन उभी राहिलीस की ती स्वतः बँकेला फोन लावणार, अर्धं व्याज पालिका भरणार, हप्ता झेपेल एवढा होणार. नाही आलीस तर फाईल बंद. मग ते पुन्हा येणार, आणि या वेळी माझ्या अंगठ्यासाठी येणार. येऊ देत. ही खोली नेतील, अजून काय नेतील? त्याची भीती आहे, नाही कशी म्हणू? पण ती बसल्या जागी सोसता येते. दुसरी, तुझ्याबद्दलची, बसू देत नाही.

मधेच दार वाजलं. आम्ही दोघी दचकलो, हिच्या हातून पेन पडलं. दादा होते. आत आले, खिडकीत शर्टांचा गठ्ठा ठेवला आणि त्यावर एक खडूचा तुकडा. निळा, कापडावर खुणा करायचा. तू नऊ वर्षांची असताना दुकानात बसून चावला होतास तो. मी समजत होते फेकला असेल. बटणांच्या डब्यात ठेवला होता त्यांनी. मी बोट फिरवलं. दोन सरळ, एक तिरपा. डोळे मिटूनही लागला.

दादा म्हणाले, "अजून तसाच आहे का तिचा दात?" म्हटलं, पगार झाला की सरळ करणार होती. ते म्हणाले, "नको म्हणावं."

तेव्हा मला सुचलं.

तू येशील तर आत्ताच नीघ, हे पत्र तिथेच टाकून. पण समज तुला यायला अवघड आहे, भाड्याला नाही, लाज वाटते, माझा राग आलाय. काहीही असो. तर पत्र पाठवू नकोस. पत्र मला वाचता येत नाही. कुरळीही लिहून देईल, तुझं नाव घालून, दयेपोटी. मी दोन पत्रं लिहवलीत, पत्रात काय काय घालता येतं ते मला आता कळलंय.

मला टोस्ट पाठव. साधे, दुकानात मिळतात ते, कडक. पत्र्याच्या डब्यात, कडेने कापूस लावून, म्हणजे वाटेत चुरा होणार नाही. बाकीचे अख्खे ठेव, ते आम्ही तिघं खाऊ. वरचा एक मात्र चावून ठेव. मोठा घास घे, पुढच्या दातांनी. तुझं तेवढं अक्षर मला वाचता येतं.

जिना ऐकत बसलेली, तुझीच,
आजी

ता. क. चावण्याआधी चहात बुडवू नकोस. खूण राहत नाही.